धबधब्यापुढे उभा तो म्हातारा कोण? जपानी प्रिंटमधले चिनी कवी ओळखायचे कसे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. आजोबा बोटीवर नोकरीला होते, साठच्या दशकात कोबेहून एक लांबुडकं, उभं चित्र घेऊन आले. निळा धबधबा, त्याच्याकडे मान वर करून बघणारा एक माणूस, त्याला धरून उभी असलेली दोन पोरं आणि कोपऱ्यात चौकटीत अक्षरं. घरात सगळे त्याला बौद्ध साधू म्हणतात, शेजारचे काका म्हणतात कन्फ्युशियस, फ्रेमवाला म्हणतो मागून बुरशी आलीय, लॅमिनेट करून टाका. आणि तुम्ही विचारताय की हा नक्की कोण, चित्र ओरिजिनल आहे का आणि किती किमतीचं.

सगळ्यात आधी लॅमिनेशनचं, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे पण याला नाही. करू नका. मी कागदावरच्या चित्रांच्या दुरुस्तीचं काम करते, बावीस वर्षं झाली, आणि फाटलेलं, भिजलेलं, कसर लागलेलं, सेलोटेप मारलेलं अशा सगळ्यातून काही ना काही मार्ग निघालाय, पण गरम प्लॅस्टिकमध्ये चिकटवलेला कागद परत मोकळा करणं जवळजवळ अशक्य असतं. फ्रेमवाल्याला फक्त एवढंच सांगा की आहे तसं परत द्या.

आता मूळ मुद्दा. तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं वाटतं पण त्यात तीन गुंतलेत: चित्रात कोण आहे, चित्र कुणाचं आहे आणि तुमच्या हातातला हा कागद कधी छापलेला आहे. पहिल्या दोघांचं उत्तर मी वर्णनावरून बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकते. तिसऱ्याचं उत्तर नुसत्या समोरच्या एका फोटोवरून कुणीही देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

तो साधू नाही आणि कन्फ्युशियस तर नाहीच. तो ली बाई, चीनच्या तांग घराण्याच्या काळातला कवी, जन्म ७०१, मृत्यू ७६२. जपानीत त्याच अक्षरांचा उच्चार रिहाकु होतो, म्हणून म्युझियमच्या पाट्यांवर कधी हे नाव असतं कधी ते, आणि लोकांना वाटतं दोन वेगळी माणसं आहेत. चित्र होकुसाई ह्या जपानी चित्रकाराचं, लाकडी फळ्यांवरून छापलेलं, १८३३-३४ च्या सुमाराचं, 'शिका शाशिनक्यो' नावाच्या दहा चित्रांच्या मालिकेतलं. नावाचा अर्थ साधारण चिनी आणि जपानी कवितेचा खरा आरसा असा. मालिकेत चिनी कवी आहेत तसे जपानीही आहेत, सेई शोनागोन आहे, नारिहिरा आहे, आणि आबे नो नाकामारो आहे जो ७१७ साली जपानमधून चीनला शिकायला गेला, तिथेच दरबारात नोकरीला लागला, परत यायला निघाला तर जहाज भरकटलं आणि शेवटी तिथेच वारला. तो बुडाला अशी खबर आली तेव्हा त्याच्यासाठी शोककविता लिहिणारा माणूस म्हणजे तुमच्या चित्रातला हाच ली बाई. दोघंही एकाच मालिकेत आहेत हे मला फार आवडतं.

ली बाई धबधब्यापुढे का उभा आहे, तर त्याची एक चार ओळींची कविता आहे, आजच्या चिआंग्शी प्रांतातल्या लूशान डोंगरावरच्या धबधब्याची. मी माझ्या शब्दात सांगते. उन्हात धूपदाणी नावाच्या शिखरावर जांभळा धूर चढतोय. लांबून बघावं तर नदीपुढे धबधबा टांगून ठेवल्यासारखा. सरळ खाली उडी, तीन हजार फुटांची. वाटतं आकाशगंगाच नवव्या स्वर्गातून खाली निसटलीय.

आता हे वाचून परत चित्राकडे बघा. कवितेत ऊन आहे, जांभळा धूर आहे, शिखर आहे, आणि कवी लांबून बघतोय असं स्वच्छ लिहिलंय. होकुसाईने यातलं काहीच घेतलं नाही. ऊन नाही धूर नाही, आणि लांबून बघणाऱ्या कवीला त्याने थेट कड्याच्या टोकावर आणून उभं केलं. त्याने घेतली फक्त तिसरी ओळ, सरळ खाली उडी. कागदच तसा निवडला, साधारण ५२ बाय २३ सेंटीमीटरचा उभा लांब, आणि त्यावर निळ्याच्या फिक्या-गडद पट्ट्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सरळ ओढल्या, मध्ये कुठे खडक नाही, फेस नाही. धबधबा सुरू कुठे होतो आणि पडतो कुठे ते दिसत नाही, त्यामुळे तीन हजार हा आकडा पटतो. आणि ती दोन पोरं. ली बाई दारूसाठी प्रसिद्ध होता हे चीन-जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बघताबघता हा माणूस भान हरपून खाली जाईल म्हणून पोरांनी त्याला धरून ठेवलंय. पाणी एवढं सरळ आणि माणूस एवढा तोल सुटलेला, सगळं चित्र त्या दोन पोरांच्या हातावर उभं आहे. मी हे चित्र किती वेळा बघितलं असेल, पण दर वेळी नजर आधी त्या मुलांच्या हातांकडे जाते.

होकुसाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होता. ह्याच काळात त्याने जपानमधल्या धबधब्यांची आठ चित्रांची वेगळी मालिका केली, म्हणजे पडणारं पाणी कागदावर कसं उतरवायचं हा विषय त्याच्या डोक्यात चालूच होता.

आता जपानी चित्रकाराला चिनी कवींचं एवढं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीयेत पण पुढचं समजायला तो लागतो. त्या काळी जपानमध्ये शिकलेल्या माणसाला चिनी कविता पाठ असायच्या, पण चिनी बोलता यायचंच असं नाही. ते चिनी ओळीच्या बाजूला बारीक खुणा करून शब्द जपानी क्रमाने वाचायचे. आपल्याकडे संस्कृत श्लोकाचा अन्वय लावतात ना, साधारण तसंच, शब्द तेच पण क्रम आपल्या भाषेच्या सोयीचा. तांग कवितांचा 'तोशिसेन' नावाचा संग्रह जपानात १७२४ मध्ये छापला गेला आणि त्याने ह्या कविता दुकानदारांपर्यंत पोचवल्या, पुढे त्याच्या सचित्र आवृत्त्या निघाल्या, त्यातल्या १८३३ आणि १८३६ च्या भागांची चित्रं होकुसाईचीच. म्हणजे रिहाकुचं प्रिंट विकत घेणाऱ्याला खाली कविता छापायची गरज नव्हती, धबधबा बघितला की ओळ त्याच्या तोंडात यायची.

आणि म्हणूनच ह्या कवींना चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. ली बाई कसा दिसायचा हे होकुसाईला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं, मध्ये हजार वर्षं गेलेली. ओळखायचं ते सोबत काय आहे त्यावरून. आपण वीणा-चिपळ्या दिसल्या की तुकोबा म्हणतो, भिंतीवर बसलेली चार भावंडं दिसली की नाव विचारत नाही, तसं. कुंपणापाशी शेवंतीची फुलं आणि मोकळा बसलेला म्हातारा असेल तर तो ताओ युआनमिंग, जपानीत तो एनमेई, ज्याने सरकारी नोकरी सोडली आणि पूर्वेकडच्या कुंपणाखाली शेवंती खुडताना नजर वर गेली तर दक्षिणेचा डोंगर दिसला असं लिहिलं. प्लमचा फुललेला मोहर आणि सोबत करकोचा, तर तो लिन बू, जपानीत रिन नासेई, हांगचौच्या पश्चिम तलावाकाठी एकटा राहायचा, आणि लोक म्हणायचे प्लम त्याची बायको आणि करकोचे त्याची मुलं. कमळ न्याहाळणारा चौ तुन्यी. ऑर्किडवाला ह्वांग तिंगच्यान, पण हाच माणूस आईची सेवा करणारा मुलगा म्हणून चोवीस आदर्श मुलांच्या मालिकांमध्येही भेटतो, तिथे ऑर्किड शोधत बसलात तर फसाल.

सू शी, ज्याला जपानी लोक तोबा म्हणतात, तो दोन-तीन रूपात येतो. रुंद बांबूची टोपी आणि लाकडी खडावा घालून पावसातून चाललेला, किंवा कड्याखाली होडीत बसलेला, कारण १०८२ च्या शरद ऋतूत तो चांदण्यात लाल कड्याखाली होडीने गेला होता आणि त्याने त्यावर लिहिलेलं गद्यकाव्य जपानात तोंडपाठ होतं. होकुसाईच्या ह्या मालिकेत बर्फातून घोड्यावर चाललेला जो माणूस आहे त्यालाही बहुतेक जण तोबाच म्हणतात.

पण एक सांगते, जनावरावर बसलेला कवी दिसला की लगेच नाव ठोकू नका. माझ्याकडे सुरुवातीच्या काळात एक प्रिंट आलं होतं, गाढवावर बसलेला म्हातारा, बर्फ, मागे एक पोरगा. मी कार्डावर तोबा लिहून मोकळी झाले आणि ते तसंच पुढे गेलं. नंतर ज्यांच्याकडे मी जपानमध्ये शिकले होते त्या बाईंना फोटो पाठवला, तर त्यांनी एवढंच विचारलं की बर्फात एक फांदी आहे ती कसली. ती प्लमची होती. बर्फात गाढवावर बसून प्लमची पहिली फुलं शोधायला निघतो तो मंग हाओरान. गाढवावर तू फू हा दुसरा तांग कवी पण बसतो, सू शी पण बसतो, ली बाई पण बसतो. गाढवाने काहीच ठरत नाही, फांदीने ठरलं. तेव्हापासून मी माणूस बघतच नाही, आधी चित्राच्या कडा आणि कोपरे बघते.

कधीकधी सोबतच्या वस्तूनेही भागत नाही, गोष्टच माहीत असावी लागते. होकुसाईच्या ह्याच मालिकेतलं दुसरं चिनी नाव म्हणजे हाकु राकुतेन, चिनी उच्चारात बाई चूयी, ७७२ ते ८४६. नो नावाच्या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या एका नाटकात गोष्ट अशी की हा मोठा कवी जपानी लोकांची अक्कल किती ते तपासायला समुद्र ओलांडून येतो, किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी भेटतो, आणि तो कोळी त्याच्या प्रत्येक चिनी ओळीला तिथल्या तिथे जपानी कवितेत उत्तर देतो. कोळी म्हणजे सुमियोशीचा देव असतो, शेवटी देवांचा वारा सुटतो आणि कवीची होडी परत चीनकडे ढकलली जाते. चांगदेव वाघावर बसून आले आणि समोरून भिंत चालत आली, तीच ही जात. प्रत्यक्षात बाई चूयी कधी जपानला गेलाच नाही, पण जपानात त्याच्या कवितांवर एवढं प्रेम होतं की त्याला नाटकात हरवावं लागलं. आदर आणि चढाओढ दोन्ही एकत्र आहे, आणि ह्या मालिकेत चिनी-जपानी कवी शेजारीशेजारी का ठेवलेत तेही इथे जरा उमगतं.

ही परंपरा होकुसाईबरोबर संपली नाही. योशितोशी ह्या नंतरच्या जपानी चित्रकाराची चंद्राची शंभर चित्रं, १८८५ ते १८९२, त्यात छाओ छाओ आहे, सेनापती पण कवीही, लाल कड्याच्या लढाईआधी, म्हणजे २०८ साली, होडीत उभा, पलीकडे चंद्र आणि उडणारे कावळे. त्याची ओळ आहे की चंद्र लख्ख, तारे विरळ, कावळे दक्षिणेकडे उडाले, झाडाभोवती तीन घिरट्या घातल्या, कुठल्या फांदीवर बसावं. हीच ओळ पुढे १०८२ मध्ये सू शीच्या होडीतला पाहुणा आठवतो. लढाईचा कडा, कवीची होडी आणि योशितोशीचा कागद, तिन्हीत जवळजवळ सतराशे वर्षांचं अंतर आहे आणि कावळे तेच.

बरं, आता तुमचा तो नाजूक प्रश्न, ओरिजिनल आहे का.

इथे आधी ओरिजिनल हा शब्दच जरा सोडवून घेऊया. होकुसाईने पातळ कागदावर शाईने रेघांचं चित्र काढलं, ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवलं गेलं, कोरणाऱ्याने पटाशी-सुरीने रेघ सोडून बाकीचं लाकूड काढलं आणि ह्यात होकुसाईच्या हातचं ते चित्र कायमचं गेलं. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी, कागद जागेवर बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा, आणि छापणाऱ्याने वेळूच्या सालीने मढवलेल्या चकतीने कागदाच्या पाठीवरून घासून एकेक रंग चढवला. पैसे प्रकाशकाचे, ह्या मालिकेचा प्रकाशक मोरिया जिहेई. त्यामुळे होकुसाईने स्वतःच्या हाताने रंगवलेला एकही कागद ह्या मालिकेत नाही. ओरिजिनल म्हणजे त्या काळच्या त्या फळ्यांवरून निघालेला छाप. आणि विसाव्या शतकात जपानी कारागिरांनी नवीन फळ्या कोरून, त्याच पद्धतीने, हातानेच केलेले सुंदर छाप पण आहेत, आणि पुस्तकाच्या पानासारखे मशीनवर छापलेले पण. तीन वेगळ्या वस्तू आहेत.

आजोबांनी साठच्या दशकात कोबेला घेतलंय म्हणताय, परदेशी खलाशी यायचे अशा बंदरात, तर माझा अंदाज दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे नव्याने कोरलेला हातछाप. पण अंदाजच. होकुसाईच्या ह्या मालिकेचे जुने छाप बाजारात सहज येत नाहीत, तरी कुणाच्या घरात काय निघेल सांगता येत नाही, मी एकदा दोनदा चकित झालेली आहे.

तुम्ही घरी काय तपासू शकता ते सांगते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि निळ्या भागावर धरा, जर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर मशीनची छपाई, विषय संपला. ठिपके नसतील, रंग कागदाच्या तंतूत मुरलेला वाटत असेल, तर कागद पलटा, उजेड एका बाजूने तिरपा पाडा. हातछाप असेल तर मागे रंग झिरपलेला दिसतो आणि घासल्याच्या गोलसर खुणा दिसतात. मग नवीन की जुना, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन किंवा बोस्टनच्या म्युझियमच्या वेबसाइटवर रिहाकुचा मोठा फोटो उघडा आणि काळ्या रेघांचे बारीक तुटके भाग शेजारी ठेवून ताडून बघा, बाह्या, दाढी, खडकाची टोकं. एकाच फळीवरचे छाप असतील तर रेघेचा वळसा तंतोतंत जुळतो, फळी नव्याने कोरली असेल तर कुठेतरी हात वेगळा पडतोच. समासात कोरणाऱ्याचं, छापणाऱ्याचं नाव किंवा कंपनीचा शिक्का असेल तर ते सहसा नव्या छापाचं लक्षण.

गोल चौकटीतला छोटा शिक्का दिसला तर तो किवामे, म्हणजे सेन्सॉरची मंजुरी, १७९० च्या सुमारापासून १८४२ पर्यंत चालला. पण त्यावरून लगेच खूश होऊ नका, नवीन फळी कोरताना तो शिक्कासुद्धा कोरतात. सहीचंही तसंच.

किमतीचं विचारलंत, तर आकडा मी देणार नाही. एकाच फळीवरचे दोन छाप असतात, एकाचा निळा ताजा, कडा शाबूत, दुसरा फिका आणि मधोमध घडी, दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. आधी कुठल्या प्रकारचा ते ठरवा, मग लिलाव करणाऱ्या घराकडे लेखी मत मागा, आणि जो मत देतोय तोच विकत घ्यायला तयार असेल तर दुसरीकडे जा.

आता बुरशी आणि निळा. ह्यावर जरा जास्त लिहिते कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होतं. त्या धबधब्याचा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, जपानीत बेरो, बर्लिन शब्दावरून, बाहेरून आलेला रंग, १८३० च्या आसपास तिथे स्वस्त झाला आणि होकुसाईच्या निळ्या पाण्याचं सगळं वैभव त्याच्यावर उभं आहे. जुन्या वनस्पतीच्या निळ्यापेक्षा तो उन्हात बराच टिकतो. लाल मात्र बऱ्याचदा करडईच्या फुलांचा असायचा, आपली तेलाची करडईच, आणि तो उजेडात पार उडून जातो. पण प्रशियन ब्लूचा एक शत्रू आहे, अल्कली. खाराच्या संगतीत तो तपकिरी पडतो. आणि बाजारात चांगल्यातलं म्हणून जे ॲसिड-फ्री माउंट बोर्ड देतात त्यात पुष्कळदा चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. त्यामुळे नुसतं ॲसिड-फ्री म्हणून मागू नका, अनबफर्ड म्हणून मागा. साबणाच्या पाण्याने पुसणं, खाण्याचा सोडा, ब्लीच, काहीही नको. कागदाला सरस आणि तुरटी लावलेली असते, ओलं फडकं लागलं की डागाची कड उमटते आणि ती जात नाही.

फ्रेमच्या मागे प्लायवुड किंवा पुठ्ठा असणार, तो बाहेर काढायलाच हवा, त्याच्यातूनच आम्ल आणि ओल येते. चित्र पुठ्ठ्याला डिंकाने चिकटलेलं असेल तर ओढू नका, तिथे थांबा. सुटं असेल तर कोरड्या दिवशी, पावसाळा संपल्यावर, स्वच्छ पांढऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा. वाळलेली बुरशी मऊ ब्रशने घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कागदावर दाब न देता झाडा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका. फाटलेली कड असेल तर ती आम्ही गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद लावून सांधतो, पुढे कुणाला काढायची झाली तर पाण्याने सुटते म्हणून. परत टांगायचं असेल तर खिडकीच्या समोरची भिंत नको, बाहेरची ओल येणारी भिंत तर अजिबात नको, काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची जागा सोडा, आणि वर्षातले काही महिने चित्र अंधारात ठेवा.

थोडक्यात काय, माणूस ली बाई, चित्र होकुसाईचं, आणि कागद कधीचा ते अजून ठरायचंय. फ्रेम उघडलीत की मला तीन फोटो लागतील: निळ्या पट्ट्यांचा भिंगातून एक, पूर्ण मागच्या बाजूचा तिरप्या उजेडात एक, आणि त्या दोन पोरांनी ली बाईला धरलंय तिथल्या काळ्या रेघांचा अगदी जवळून एक. तिसरा फोटो नीट काढा, बोटं आणि कापडाच्या चुण्या तिथे दाटीने एकत्र येतात, आणि नव्याने कोरणाऱ्याचा हात जर चुकला असेल तर तो तिथेच दिसेल.